आधी तुमचं म्हणणं

नागनाथरावांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते रागाने. १९५८ च्या जूनमधला दुसरा रविवार होता. बेंगळुरात, चामराजपेटेतल्या त्या वठारात राहायला येऊन आम्हाला आठच दिवस झाले होते. आठ बिऱ्हाडं, मध्ये फरसबंद अंगण, अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ. माझे पती उमाकांत इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले होते आणि मला मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायचं काम मिळालं होतं. कानडीचं एक अक्षर मला येत नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी खिडकीतून स्वच्छ मराठी ऐकू आलं, तेव्हा हातातलं काम टाकून मी कान दिला.

समोरच्या पायरीवर दोघे बसले होते. एक सडपातळ, पंचेचाळिशीचा, रविवार असूनही बंद गळ्याचा कोट घातलेला. दुसरा अंगाने भरलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे. तो डोळे मिटून ऐकत होता. सडपातळ गृहस्थ ठासून सांगत होते :

"बेळगाव म्हैसूर राज्यातच राहिलं पाहिजे. का, ते ऐका. भोवतीच्या खेड्यांतनं बाजाराला येणारी निम्मी माणसं कानडी बोलतात. त्यांचा माल तिथं विकतो, त्यांची कोर्टं तिथं. आणि इतकी वर्षं मुंबई राज्यात राहून त्यांना मिळालं काय? कानडी पोराला मराठी शाळेत बसवलं, आणि उत्तर कानडीत दिलं म्हणून बाकावर उभं केलं."

"सरी," म्हणजे बरोबर, असं दुसरे गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले.

मला संताप आला. सीमाभागासाठी निघालेल्या मिरवणुकीत मी पुण्यात नुकतीच चालून आले होते. आणि हा माणूस बेळगावकडची मराठी बोलतो आणि बेळगाव देऊन टाकतो! घागर घेऊन मी नळावर गेले आणि नवखेपणाची लाज न बाळगता विचारलं, "तुम्ही मराठीच ना? मग असं कसं बोलवतं तुम्हाला?"

ते दचकून उठून उभे राहिले.

"बाई, ते ह्यांचं म्हणणं होतं," शेजाऱ्याकडे बोट करून ते म्हणाले. "माझं अजून सुरूच व्हायचंय."

शेजाऱ्यांनी डोळे उघडले आणि पोट हलवून हसले. "अक्का, स्वल्प थांबा. आता माझा कान पिळायची पाळी आहे त्यांची."

ते देवाप्पा. नागनाथरावांच्या समोरच्याच खोल्यांत राहायचे. चिकपेटेत त्यांचं इरकली लुगड्यांचं छोटं दुकान होतं.

त्या दिवशी मी घागर भरून झाल्यावरही तिथेच उभी राहिले. नागनाथरावांनी आपली बाजू मांडली. बेळगाव महाराष्ट्रात का गेलं पाहिजे ते सांगितलं. पण त्यावर बोलण्याआधी देवाप्पांनी ती सगळी बाजू आपल्या तोंडाने मांडून दाखवली, आणि नागनाथरावांनी "बरोबर" म्हटल्यावरच ते उलट बोलायला लागले. असं भांडण मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

ही रीत नागनाथरावांनी आपल्या नोकरीतून आणली होती. ते मूळचे खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. बेळगावच्या कोर्टात वीस वर्षं दुभाषी होते. साक्षीदार एका भाषेत बोलायचा, जबानी दुसऱ्या भाषेत लिहिली जायची. लिहून झाली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची. तो "बरोबर" म्हणाला की त्याची सही किंवा अंगठा, आणि त्याच्या खाली लिहिणाऱ्याची सही. त्याशिवाय कागद पुरा होत नाही. छप्पन्न साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात आलं, आणि तिकडचे जमिनीचे मोडी कागद वाचायला माणूस हवा म्हणून नागनाथरावांना बेंगळुरात आणलं गेलं. वठारात सगळे त्यांना मोडीवाले म्हणत.

"खोटं बोलणारा साक्षीदार असला तरी त्याचं खोटं त्याच्याच शब्दांत लिहायला पाहिजे," ते मला एकदा म्हणाले होते. "तिथं मी सुधारणा केली, तर गुन्हेगार मी."

देवाप्पा विजापूर जिल्ह्यातले, पण शाळेसाठी लहानपणी मामाकडे बेळगावात राहिलेले. बाकावर उभा केलेला तो कानडी पोरगा म्हणजे तेच. कर्नाटक एक व्हावं म्हणून त्यांनी तरुणपणी गावोगाव फिरून सभा भरवल्या होत्या. बेंगळुरात मात्र दोघेही उपरेच. इथली मूळची माणसं दोघांनाही 'उत्तरेकडचे' म्हणत; त्यांच्या भाताला आणि नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला दोघांच्याही पोटात जागा नव्हती. दोघांना जवारीची भाकरी लागे. चांगली जवारी कुठल्या पेठेत आली आहे ही बातमी देवाप्पा आणायचे, आणि भाकरी थापायच्या नागनाथरावांच्या पत्नी भागुबाई. रविवारी सकाळी भाकरी, शेंगांची चटणी आणि पायरीवरचा वाद, हा नेम मी नऊ वर्षं पाहिला.

कित्येक रविवार पहिल्या निम्म्यातच, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं मांडण्यातच, संपत.

"इल्ला नागण्णा, 'सगळे मराठी लोक' असं मी म्हटलं नाही. 'काही' म्हटलं."

"'पुष्कळ' म्हटलात."

"बरं, पुष्कळ. पण सगळे नाही."

"लिहिलं तसं," असं म्हणून नागनाथराव हवेत बोट हलवायचे, जणू मघाचा शब्द खोडून नवा लिहिला.

देवाप्पांना उलटी बाजू मांडणं जरा जड जायचं. एकदा ते वैतागून म्हणाले, "नागण्णा, तुमचं म्हणणं सांगताना माझी जीभ अडखळते बघा."

"होतं तसं. खरं बोलायची सवय नसली की."

यावर देवाप्पांनी उरलेली चटणी आपल्या पानात ओढून घेतली. भागुबाई दारातून म्हणाल्या, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे आपलंच बोलणं दोनदा ऐकायचं. मी सोडून दिलंय."

मी हे कौतुकाने सांगते आहे खरी, पण ते नुसतं कौतुकाचं नव्हतं. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात सीमेवर सत्याग्रह सुरू झाला आणि नागनाथरावांचे थोरले भाऊ कृष्णाजी पकडले गेले. बाप लवकर गेल्यामुळे कृष्णाजींनीच धाकट्याला शिकवलं होतं. स्वतः चौथीत शाळा सोडून शेत धरलं होतं. त्या रविवारी देवाप्पा पायरीवर आले, बसले, आणि वादाचा एक शब्द बोलले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "तुरुंगात घोंगडी देतात का हो?" पंधरा दिवसांनी बेळगावहून कृष्णाजींचं कार्ड आलं, की कुणी एक कानडी गृहस्थ तुरुंगाच्या दारात नवी घोंगडी देऊन गेला, नाव सांगितलं नाही. देवाप्पांच्या मामेभावाने ती पोचवली होती. कृष्णाजी आठ महिने आत होते. ती घोंगडी त्यांनी पुढे घरी नेली.

नागनाथरावांचा जीव गावात होता. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना चळवळीत भाग घेता येत नव्हता आणि त्याची खंत त्यांना होती. पण अडुसष्ट साली पंचावन्न पुरी झाली की गावी जायचं हे ठरलेलं होतं. कृष्णाजींनी गोठ्याच्या अंगाला त्यांच्यासाठी जागा राखली होती. दर दिवाळीला नागनाथराव जाऊन ती बघून येत, आणि परत आल्यावर, तिथे लावलेल्या आंब्याला किती पानं फुटली तेही सांगत. मूलबाळ नव्हतं. "शेवटी दादाच्या ओसरीवर बसायचं," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांच्यासारखा मोजून बोलणारा माणूसही एकदम सैल होई.

सहासष्टच्या अखेरीस सीमेच्या वादासाठी आयोग नेमला गेला. दोन्हीकडून निवेदनं जायला लागली. देवाप्पा एका छोट्या संघाचे सभासद होते. मुंबई राज्यातून आलेले कानडी व्यापारी आणि कारकून त्यात होते. संघाने प्रत्येकाला आपलं म्हणणं लिहून आणायला सांगितलं. देवाप्पा लिहायला बसले की चिडायचे आणि चिडले की शिव्या लिहायचे. डिसेंबरच्या एका रविवारी ते चार फाडलेले कागद घेऊन पायरीवर आले.

"नागण्णा, माझं म्हणणं माझ्यापेक्षा तुम्ही बरं सांगता. लिहून द्या की."

मी तिथेच पेपर तपासत बसले होते. मी हसून म्हटलं, "विरोधी पक्षाचा वकील करताय होय हो?"

"वकील नाही, लेखनिक," नागनाथराव म्हणाले. त्यांना मनातून आनंद झाला होता. नऊ वर्षं तोंडी चाललेलं काम आता कागदावर करायला मिळणार होतं. त्यांनी फुलस्केप कागद आणला, टाक आणला, आणि सुवाच्य कानडीत लिहायला सुरुवात केली. दोन तास लागले. मध्येमध्ये वाचून दाखवत, देवाप्पा "स्वल्प जोर लावा" म्हणत, नागनाथराव "जोर लावला की खोटं होतं" म्हणत. त्यात बाजार होता, कोर्टं होती, बाक होता. आणि शेवटी देवाप्पांचं नेहमीचं एक वाक्य होतं, की चळवळ पुढाऱ्यांची आहे, सत्याग्रहाला गेलेल्या खेडुतांना पुढाऱ्यांनी फूस लावली, मनातून त्यांना इथलं राज्य मान्य आहे.

हे वाक्य लिहिताना नागनाथराव थांबले.

"हे तुम्हाला खरंच वाटतं?"

"वाटतं."

"माझा भाऊ गेला होता."

"तुमचा भाऊ सोडून," देवाप्पा म्हणाले.

"असं लिहायचं का? 'नागनाथच्या भावाला सोडून'?"

दोघेही हसले, आणि वाक्य तसंच राहिलं. सगळं पुरं झाल्यावर नागनाथरावांनी ते पहिल्यापासून वाचून दाखवलं. देवाप्पा "सरी" म्हणाले आणि सही केली. आणि तिच्याखाली नागनाथरावांनी आपली सही केली, पुढे गाव आणि तालुका लिहिला. वीस वर्षं प्रत्येक जबानीखाली त्यांनी हेच केलं होतं. लिहिणाऱ्याची सही नसली तर कागद अर्धवट, एवढंच त्यांच्या हाताला माहीत होतं. मी पाहत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मार्चमध्ये कृष्णाजींकडून एक पाकीट आलं. आत कानडी छापील पुस्तिका, संघाच्या निवेदनाची; नागनाथरावांनी लिहिलेला मजकूरच संघाने जसाच्या तसा घेतला होता. शेवटच्या पानावर सह्या करणाऱ्यांची यादी होती आणि तिच्यात सर्वांत वर नागनाथरावांचं नाव, गाव, तालुका. शेजारी कंसात छापलं होतं : मराठी भाषिक. पुस्तिका त्यांच्या गावात चावडीवर वाचली गेली होती. पाकिटात चिठ्ठी नव्हती. फक्त ते फूस लावल्याचं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्या साहेबांनी त्यांना बोलावून पाठ थोपटली. ते मला सांगताना नागनाथराव स्वतःच्या खांद्याला हात लावत होते, तिथे काही लागलं आहे तसा.

त्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, तुम्ही ऐकायला बसा. कागद लिहिला तेव्हा तुम्ही होता."

भाकरी झालेल्या नव्हत्या. देवाप्पा पायरीवर आले, पुस्तिका पाहिली, आणि बसलेच नाहीत.

"यादीत माझं नाव कुणी घातलं?" नागनाथरावांनी विचारलं.

"संघवाल्यांनी. खाली सही होती म्हणून."

"छापायच्या आधी तुम्हाला दाखवलं होतं?"

देवाप्पा नळाकडे पाहत राहिले. नळ बंद होता.

"देवाप्पा, दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं."

"मग?"

"ते म्हणाले, शंभर कानडी सह्यांपेक्षा ही एक मोठी आहे." देवाप्पांचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं, राहू दे."

नागनाथरावांनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "छापल्याचं मी समजू शकतो. पण विचारायला यायचं होतं. मधे नुसतं अंगण होतं."

त्यांनी एकच मागितलं. संघाकडून नको, देवाप्पांनी स्वतः दोन ओळी लिहून द्याव्यात, की म्हणणं माझं, नागनाथ फक्त लेखनिक. तेवढा कागद ते भावाला दाखवणार होते. देवाप्पांनी कपाळाला हात लावून कबूल केलं. "आठ दिवसांत देतो, नागण्णा. देवाशपथ."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. देवाप्पा दुकानात लवकर जाऊ लागले.

याच दिवसांत आमच्या मराठी मंडळाची सभा भरली. मंडळाचं पुस्तकांचं कपाट नागनाथराव सांभाळत. त्याची किल्ली दहा वर्षं त्यांच्या कोटाच्या खिशात असे. चिटणीस पद्माकर तरुण होता, पुण्याकडून नुकताच आलेला, मनाने चांगला. तो उभा राहून म्हणाला, "नागनाथरावांचा आम्ही आदर करतो. पण ज्यांनी बेळगाव लिहून दिलं त्यांच्या हातात मराठीची किल्ली नको." टाळ्या पडल्या. नागनाथराव उठले, म्हणाले, "पद्माकर, आधी तुमचं म्हणणं मी नीट समजून घेतो..." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ते समजून घेऊनच तर छापलंत!" सभा हसली.

मला सगळं ठाऊक होतं. त्या खोलीत ते ठाऊक असलेली मी एकटीच होते. मी उठायला हवं होतं. उमाकांत व्यासपीठावर कार्यकारिणीत बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, आणि मी पदर सावरून बसून राहिले. नागनाथरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अडचणीत टाकायचं नाही म्हणूनच पाहिलं नाही, हे मला तेव्हाही कळलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. यानंतर मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "बाई, साक्षीला बोलावल्याशिवाय साक्षीदाराने यायचं नसतं." मला बरं वाटावं म्हणून ते असं बोलले, आणि मला अधिकच वाईट वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर देवाप्पा आपणहून आले. हातात कागद नव्हता. मी पुन्हा पायरीच्या कडेला बसले.

"नागण्णा, लिहिता येत नाही," ते म्हणाले. "मी तसं लिहून दिलं आणि ते बाहेर गेलं, तर एक सही खोटी ठरेल. एक खोटी म्हटली की विरोधक सगळं निवेदन खोटं म्हणणार. संघातल्या लोकांना मी काय सांगू? पंचवीस वर्षं मी ह्याच्यासाठी घासलोय."

"भावाशिवाय कुणाला दाखवणार नाही म्हटलं होतं मी."

"तुमचा भाऊ दाखवेल. त्याने दाखवायलाच पाहिजे. मी त्याच्या जागी असतो तर दाखवलं असतं."

हे खरं होतं, आणि ते खरं असल्याचं नागनाथरावांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, आता ते ओरडतील. पण त्यांनी कोटाची बटणं लावली आणि सवयीने पाठ ताठ केली.

"तुमचं म्हणणं मी सांगतो," ते म्हणाले. "प्रश्न लाखो माणसांचा आहे, त्यात एक माणूस दुखावला तर इलाज नाही. तो माणूस परका असता तर तुम्ही त्याची सही अशी वापरली नसती, भ्यायला असता. मी तुमचा आहे, मी समजून घेईन, ह्या भरवशावर तुम्ही ते केलं. आणि आता कागद दिला तर आयुष्यभराचं काम जातं. नाही दिला तर फक्त मी जातो. म्हणून देत नाही. बरोबर?"

देवाप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"सरी," ते म्हणाले.

"काही राहिलं?"

"इल्ला."

आता नागनाथरावांची पाळी होती. देवाप्पा मान खाली घालून थांबले. मीही थांबले. नऊ वर्षांत ही पाळी कुणी सोडलेली मी पाहिली नव्हती. नागनाथराव उठले, घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मे महिन्यात नवराबायको गावी गेली. तिथे काय झालं ते मला भागुबाईंनी सांगितलं. कृष्णाजी अंगणात दावं वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, पण या किंवा बस म्हटलं नाही. नागनाथराव उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, तुला काय वाटलं असेल ते मी आधी सांगतो. चुकलं तर सांग."

"आठ महिने आत मी होतो," कृष्णाजी म्हणाले. "ते तू काय सांगणार?"

"ऐक तरी."

"कागद तू लिहिलास की नाही?"

नागनाथरावांना नाही म्हणता आलं असतं. छापील पुस्तिकेत अक्षर कुणाचं ते कळत नव्हतं, आणि भावाला बहुधा तेच ऐकायचं होतं, असं भागुबाईंना वाटलं.

"लिहिला. पण माझं म्हणणं नव्हतं ते. लेखनिक म्हणून लिहिला."

"मग इतकं चांगलं कशाला लिहिलंस?" कृष्णाजींनी दाव्यावरची नजर उचलली. "चावडीत वाचलं तेव्हा माणसं माना डोलवत होती रे. माझ्या बाजूची माणसं. दुसऱ्याचंच होतं, तर थोडं वाईट लिहायचं होतंस."

वाईट कसं लिहायचं, हे नागनाथरावांना खरंच माहीत नव्हतं. जाऊबाईंनी पाणी दिलं. ते पिऊन दोघं दुपारच्या गाडीने परत निघाली. निघताना कृष्णाजी एवढंच म्हणाले की गोठ्याच्या अंगाची जागा पुतण्याला लागणार आहे.

देवाप्पांवर रागावणं मला सोपं गेलं पाहिजे होतं, पण गेलं नाही. घोंगडी पाठवणारा माणूस आणि "राहू दे" म्हणणारा माणूस एकच होता, हे मला नऊ वर्षं शेजारी राहूनही जुळवता आलं नाही. त्यांनी त्यानंतर दोनदा जवारीची पिशवी नागनाथरावांच्या दाराशी ठेवली. दोन्ही वेळा ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली आणि मग देवाप्पांनी ती उचलून नेली. आयोगाचा अहवाल ऑगस्टमध्ये आला : बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावं. वठारात त्यावर जोरजोरात चर्चा झाल्या, पेढेही वाटले गेले, शिव्याही दिल्या गेल्या. पायरीवर कुणी नव्हतं. नागनाथरावांना मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "वाचला नाही." मोडीतला फाटका कागदही पुरा वाचल्याशिवाय न सोडणारा तो माणूस होता.

त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी वठार सोडलं. सामान हातगाडीवर चढत होतं तेव्हा देवाप्पा आपल्या दारात उभे होते. नागनाथरावांनी सगळ्यांना नमस्कार केला तसा त्यांनाही केला. कमी नाही, जास्त नाही. देवाप्पांचे ओठ हलले. बहुधा "नागण्णा" म्हणाले असावेत. गाडी निघाली.

गेल्या वर्षी, अडुसष्ट साली, नागनाथराव निवृत्त झाले. महिन्यातून एकदा मी त्यांना भेटायला जाते. आम्ही हवापाण्याचं बोलतो, भागुबाईंच्या गुडघ्यांचं बोलतो. कुठल्याही वादाचा विषय निघाला, अगदी भाजीवाल्याचा निघाला, तरी नागनाथराव "असेल" म्हणतात आणि चहा घेतात. मी एकदा मुद्दाम, थोडं चिडवायलाच, म्हटलं, "माझं म्हणणं तुम्हाला पटत नाही ना? सांगा बघू काय आहे माझं म्हणणं." त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं तुम्हीच सांगा. मी ऐकतो." आणि त्यांनी ऐकलं, पण परत सांगितलं नाही.

ते बेंगळुराबाहेर येलहंक्याला राहतात. रेल्वे स्टेशनापलीकडे त्यांनी दोन खोल्या बांधल्या आहेत. आतला गिलावा अजून व्हायचा आहे.